आधी काच, मग गोष्ट

दारात कुणाची चाहूल लागली तरी सर मान वर करत नसत. डोळे सूक्ष्मदर्शकाला लावलेले तसेच राहायचे आणि डावा हात तेवढा वर व्हायचा, चौकात गाड्या अडवणाऱ्या पोलिसासारखा. "थांबा. आधी काच, मग गोष्ट."

काच म्हणजे स्लाईड. आम्ही सगळे स्लाईड म्हणायचो, ते एकटे काच म्हणायचे. गोष्ट म्हणजे पेशंटची हकीकत: दुखतंय कुठं, ताप किती, आम्हा डॉक्टरांना शंका कशाची. बाकीचे पॅथॉलॉजिस्ट ही हकीकत आधी मागून घेतात, कागदावर नसेल तर फोन करून आमची बिनपाण्यानं करतात. सर मात्र तो कागद पालथा घालून ठेवायचे. काच पुरती बघून होईपर्यंत त्याला हात लावायचे नाहीत.

"गोष्ट ऐकली की डोळा फितूर होतो, मॅडम," ते मला म्हणाले होते. "तुम्ही कॅन्सर म्हणालात की मला कॅन्सर दिसायला लागतो. त्यापेक्षा तुम्ही बाहेर थांबा."

आमच्या हॉस्पिटलात एक नामांकित सर्जन होते. कोल्हापुरात त्यांच्यासाठी लोक खुर्ची सोडून उठतात. ते एकदा तावातावानं आत शिरले आणि पेशंटबद्दल सांगू लागले. सरांचा डावा हात वर झाला तो खाली येईचना. सर्जनसाहेब वाक्य अर्धं टाकून दारात उभे. शेवटी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मी मागं उभी राहून हसू दाबत होते, हे इथं सांगायला हरकत नाही.

मी पोटाच्या विकारांची डॉक्टर. दुर्बीण आत घालून आतड्याचे बारीक तुकडे काढायचे हे माझं काम, आणि ते तुकडे काय सांगतात ते बघायचं हे त्यांचं. त्यामुळं आमचं रोजचं बोलणं आणि रोजचं भांडण. तुकडा लहान आला की यांचा फोन ठरलेला. "मॅडम, एवढ्याशा तुकड्यात विषाणू बसणार कुठं? त्यालाही जागा लागते की."

मी तोंडाची फटकळ आहे. मी म्हणायची, "आतडं फाटलं तर तुम्ही शिवणार का?" मग पलीकडून हसल्याचा आवाज यायचा आणि फोन बंद.

माणूस शिरोळकडचा, जैन शेतकरी घरातला. आमच्याशी स्वच्छ पुस्तकी मराठी, पण गावाकडचं कुणी भेटलं की जीभ लगेच वळायची. सूर्य मावळल्यावर पाण्याखेरीज काही घेत नसत. हिवाळ्यात संध्याकाळच्या मीटिंगा लांबल्या की ते खिडकीकडं बघत उठायचे. "तुमचं चालू द्या. माझा दिवस संपत आला." आणि डबा घेऊन चालते व्हायचे. डॉक्टरांच्या मोठमोठ्या पार्ट्यांत आम्ही ताटं भरभरून घ्यायचो आणि हे शेजारी कोमट पाण्याचा ग्लास धरून, आम्ही काय खातोय ते कौतुकानं बघत बसायचे.

भाद्रपदात पर्युषण संपलं की जैन मंडळी एकमेकांची क्षमा मागतात. तुम्हालाही असे मेसेज येत असतील, हात जोडलेल्या चित्राचे. सर मेसेज पाठवत नसत. ते वॉर्डावॉर्डांतून स्वतः फिरायचे, आणि नुसती 'काही चुकलं असेल तर' अशी घाऊक क्षमा मागायचे नाहीत. प्रत्येकासमोर उभं राहून नेमकं काय चुकलं ते सांगायचे. मला म्हणाले, "तुम्ही उन्हाळ्यात पाठवलेल्या तुकड्याला मी सगळ्यांसमोर चिमणीचा दाणा म्हणालो. क्षमा करा." लिफ्टवाल्याला म्हणाले, "तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी मनात शिवी दिली होती. क्षमा करा." लिफ्टवाला इतका ओशाळला की त्यानं दोन दिवस जेवायची सुट्टी घेतली नाही.

मी एकदा विचारलं, "सर, सगळ्यांनी क्षमा केली का?"

"करावीच लागते की. मी समोर हात जोडून उभा असतो. नाही कोण म्हणेल?"

तेव्हा मी हसले. पुढं हेच बोलणं वेगळ्या तऱ्हेनं समोर येईल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्याकडं काही वर्षांपूर्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुरू झालं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशंटची बिघडलेली अस्थिमज्जा औषधांनी पुरती मारून टाकतात आणि भावाची किंवा बहिणीची मज्जा शिरेतून चढवतात. ती रुजली तर माणूस वाचतो. पण रुजलेल्या पेशी पाहुण्या असतात. कधी कधी त्या घरधन्यालाच परका समजून त्याच्यावर तुटून पडतात. कातडीवर, लिव्हरवर आणि आतड्यावर. आमच्या भाषेत जीव्हीएचडी. आणि दुसरा शत्रू म्हणजे सीएमव्ही नावाचा विषाणू. तो आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात निजलेला असतो, आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पेशंटची प्रतिकारशक्ती गेली की तो उठतो, आणि त्यालाही आतडंच आवडतं.

घोटाळा असा, की दोन्हींची लक्षणं एकच. पोटात कळा, दिवसभर जुलाब, मग रक्त. दुर्बिणीतून मला दोन्हीकडं तसंच लाल, सोललेलं आतडं दिसतं. रक्ताची तपासणी करावी तर विषाणू आतड्यात थैमान घालत असतो आणि रक्तात त्याचा मागमूस नसतो. आणि उपचार नेमके उलट. पाहुण्या पेशींचा हल्ला असेल तर स्टिरॉइड वाढवून त्यांना दाबायचं. विषाणू असेल तर स्टिरॉइड कमी करून विषाणूचं औषध द्यायचं. निदान चुकलं तर आपणच आपल्या हातानं पेशंटला ढकलून देतो. म्हणून सगळं येऊन थांबायचं सरांच्या काचेपाशी.

अशा पेशंटसाठी सरांची एक ठरलेली रीत होती. आतड्याचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे पापुद्र्यासारखे काप काढतात. विषाणूनं फुगलेली पेशी एखाददुसरीच असते, वरच्या कापात नसेल तर खालच्यात असते. सर पहिले काप बघायचे, मग ठोकळा आणखी खोलवर कापायला सांगायचे आणि विषाणू असला तरच उमटणारा खास रंग द्यायला लावायचे. त्याला दुसरा दिवस उजाडायचा. वॉर्डातून कितीही फोन येवोत, त्याआधी 'विषाणू नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत. पुस्तकात त्या पेशीला घुबडाच्या डोळ्याची उपमा दिली आहे. सरांना ती आवडायची नाही. "घुबड बिचारं उंदीर खातं, शेतकऱ्याचं भलं करतं. त्याचं नाव ह्याला कशाला?"

मिलिंद आमच्याकडं आला तेव्हा तिशी ओलांडलेला होता. कागलला त्याचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान होतं. पेशंट म्हणून अगदी शहाणा, सांगितलेलं सगळं ऐकणारा. मज्जा दिली त्याच्या थोरल्या बहिणीनं, सुजातानं. ती एसटीत कंडक्टर. आवाज असा, की वरच्या मजल्यावरच्या काचेच्या दाराआडही कळायचं, आक्का आली.

मज्जा रुजली. सगळे खूश झाले. आणि काही आठवड्यांनी मिलिंदला जुलाब सुरू झाले.

आता इथं जे घडलं ते मला सरांनी मागाहून सांगितलं. मी पाहिलं होतं फक्त एवढंच, की हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर, जांभळाच्या सावलीत, दुपारी सर डबा खात बसलेत आणि दोन पायऱ्या सोडून सुजाता बसली आहे. सर दुपारी तिथंच बसायचे. अंगात ना ॲप्रन, ना गळ्यात काही. सुजाताला वाटलं, हेही कुणा पेशंटचे नातेवाईक.

"पावणं, तुमचं कोन हाय आत?"

"माझं कोन न्हाय. मी हितंच कामाला हाय."

तिला वाटलं, असतील ऑफिसात कारकून. सरांनी खुलासा केला नाही. लपवायचं म्हणून नव्हे, आपण डॉक्टर आहोत हे सांगणं त्यांना कसंसंच वाटायचं. आणि मग ती रोज बोलू लागली. दवाखान्यात बसून राहणाऱ्या माणसांना कुणीतरी ऐकणारं लागतं, ते तुम्हीही पाहिलं असेल.

बायोप्सीच्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "डॉक्टर म्हंत्यात, माजंच रक्त त्येच्या आतड्याला खायाला लागलंय. बारका हुता तवा कुनी त्येला हात लावला, तर मी त्या पोराच्या दारात जाऊन भांडून यायची. आनि आता मीच खातोय व्हय त्येला?"

सरांनी भाकरी खाली ठेवली.

"आज कायतरी तपासाय न्हेलंय आतड्यातलं," ती म्हणाली. "उद्या दुपारी समजंल म्हंत्यात. माजी रजा संपली, पावणं. परवा सकाळी ड्युटीवर हजर व्हायाचं. जायच्या आत कळलं तर जीव थाऱ्यावर ऱ्हाईल. मी हितंच बसून ऱ्हातो."

त्या आयुष्यभर 'मग गोष्ट' म्हणणाऱ्या माणसानं काचेच्या आधी गोष्ट ऐकली होती. तीही पायरीवर बसून, भाकरी खाता खाता, जिची गोष्ट तिच्याच तोंडून.

मिलिंदचं रक्त गोठत नव्हतं म्हणून मी खालच्या भागातले मोजकेच, लहान तुकडे काढले होते. यावेळी सरांचा चिमणीचा दाणा म्हणणारा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी काच तयार झाली. पाहुण्या पेशींनी मारलेल्या पेशी तिच्यात होत्या, अगदी पुस्तकात असाव्या तशा. खोटं काही नव्हतं. सरांना जे दिसलं ते होतंच. पण ते दिसल्यावर ते थांबले. खोल काप नाहीत, खास रंग नाही. मावळतीच्या आत त्यांनी सही केली: जीव्हीएचडी, विषाणू आढळला नाही. खिडकीतून त्यांना पायरीवर बसलेली सुजाता दिसत होती. ती उत्तर घेऊन ड्युटीवर जावी, आणि मिलिंदला औषधही आजच लागू व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या कुणाची सही असती तर रक्तविकाराच्या डॉक्टरांनी 'खास रंग केला का' म्हणून विचारलं असतं. सरांना कुणी विचारत नसे.

स्टिरॉइड वाढवलं. मिलिंदला थोडं बरं वाटलं, पेज खाल्ली, दुकानातल्या मोटारींबद्दल बोलला. मग एकाएकी रक्त पडू लागलं. मी पुन्हा दुर्बीण घातली, यावेळी आतड्याच्या पार उजव्या टोकापर्यंत. आत खोल खड्डे पडलेले.  तुकडे सरांकडं गेले.

मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा डावा हात वर झाला नाही.

"भरून आहे," ते म्हणाले. "जिकडं बघावं तिकडं विषाणू."

त्यांच्या टेबलावर मिलिंदचा पहिला ठोकळाही होता. त्यांनी तो सकाळीच खोलवर कापायला लावला होता. दोन्ही डोळे मिटून ते खुर्चीत मागं टेकले. "पहिल्यातही होता, मॅडम. खालच्या कापात. एकच पेशी. पण होता."

मी म्हणाले, "सर, एका पेशीवरून कुणी तुम्हाला..."

"मी खाली गेलोच नाही बघायला."

त्यांनी पहिला रिपोर्ट दुरुस्त केला आणि खाली स्पष्ट लिहिलं, की हे पहिल्या वेळी माझ्याकडून राहिलं. व्यवस्थापनातल्या लोकांनी सुचवलं, एवढं उघडं लिहायची गरज नाही, 'अधिक काप घेतल्यावर आढळले' एवढं पुरेसं आहे. सर म्हणाले, "ते खरं आहे, पण पुरेसं नाही." आणि लिहिलेलं तसंच ठेवलं.

विषाणूचं औषध सुरू झालं. त्यासाठी स्टिरॉइड कमी करावं लागलं, आणि ते कमी होताच दाबून ठेवलेल्या पाहुण्या पेशी पुन्हा उसळल्या. एकाला आवरावं तर दुसरा उठायचा. मिलिंद वाळत गेला. शेवटी शेवटी तो बहिणीला म्हणायचा, "आक्का, तू जरा भाईर बस. तुजं तोंड बघवंना." आणि ती बाहेर काचेला टेकून उभी राहायची, आवाज न करता. तो गेला तेव्हाही ती काचेच्या बाहेरच होती.

सुजाता पुन्हा आली ती मिलिंदच्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर. तिला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: इन्फेक्शन झालं, तुझा काही संबंध नाही. रक्तविकाराच्या डॉक्टरांनी सांगितलं, नर्सनी सांगितलं, मीही सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि परत तेच विचारायची. "खरं सांगा. माज्या रक्तानं मारलं का न्हाय?" जेवण तुटलं होतं. मिलिंदच्या लहान मुलीला ती जवळ घेत नव्हती. माझा हात लागू नये म्हणायची.

सरांच्या कानावर ते गेलं. त्यांनी मला बोलावलं. "मी तिच्याशी बोलणार आहे. तुम्ही खोलीत थांबा. मला एकट्याला जमायचं नाही."

सरांना सूक्ष्मदर्शकापाशी बसलेलं बघून ती दारातच थबकली. "पावणं, तुमी?"

"मीच. ह्यो रिपोर्ट मी दिलता."

 सरांनी तिला समोरच्या स्टुलावर बसवलं. त्यांच्या सूक्ष्मदर्शकात दोघांना एकाच वेळी बघता यायचं. पहिल्या ठोकळ्याची काच खाली सरकवली. "दिसतंय का? गुलाबी दिसतंय ते मिलिंदचं आतडं. आता बाणाकडं बघा. ह्या पेशी मेल्यात. ह्या तुमच्या पेशींनी मारल्यात."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती तशीच वाकून बघत राहिली. पाठ नुसती ताठ झाली.

"म्हंजे माजंच."

"थांबा. आता हिकडं बघा." काच किंचित सरकली. "ही मोठी, काळ्या ठिपक्याची. ह्यो विषाणू. ह्यो तुमचा न्हवं."

"मग मिलिंद कशानं गेला?"

"दोन्हीनं गेला."

सरांनी काच काढून हातात घेतली. मग सर म्हणाले, "पण ह्यो विषाणू मला आधी दिसाय पायजे हुता. आनखी खाली कापून बघायचं, ही माजी रीत. पयल्यापास्नंची. त्या दिवशी मी बघितलं न्हाय. बघितलं असतं तर औषद आधी लागू झालं असतं. वाचला असता का, मला सांगता यायचं न्हाय. पर वाचायची वाट हुती. ती मी बंद केली."

"का न्हाय बघितलं?"

मी सरांकडं पाहिलं. उत्तर त्यांना माहीत होतं, मलाही. तू पायरीवर बसली होतीस म्हणून. सर हातातल्या काचेकडं बघत राहिले.

"चुकलं," ते म्हणाले.

ती उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली. जिन्यावर तिचा पाय वाजत होता तो खालपर्यंत ऐकू येत होता.

मला सरांचा भयंकर राग आला. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या माणसांचा आला आहे. मी दार लावून घेतलं आणि ओरडले. "विषाणू होता, एवढंच सांगायचं होतं! तेही खरंच होतं ना? ती पोरीला हात लावत नाही, सर. तिला जगायचंय अजून. तुम्हाला तुमच्या खरेपणाचं एवढं काय पडलंय?"

"तुम्ही सगळ्यांनी तेवढंच सांगितलं होतं," ते म्हणाले. "पटलं का तिला?"

ते खरं होतं, पण राग गेला नाही. मी म्हणाले, "निदान क्षमा तरी मागायची. लिफ्टवाल्याची मागता."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडं वळले. डोळे लाल झाले होते. "मागितली की द्यावी लागते, मॅडम. हात जोडून कुणी समोर उभं राहिलं तर नाही कोण म्हणेल? तिनं अंगातली मज्जा काढून दिली. आता तिच्याकडनं आणखी काय काढून घेऊ?"

मिलिंदचा मेहुणा आणि चार माणसं एकदा हॉस्पिटलात येऊन आरडाओरडा करून गेली. व्यवस्थापन वकिलांना फोन करत बसलं. पण पुढं काहीच आलं नाही. सुजातानंच घरच्यांना अडवलं, असं नंतर कळलं. ट्रान्सप्लांटच्या काचा मात्र सरांकडून काढून घेतल्या. त्या आता बाहेरगावी जातात. सरांनी ते निमूट मानलं. त्यांच्याकडं अपेंडिक्स आणि पित्ताशयं उरली, आणि ती ते तितक्याच निगुतीनं बघायचे. हात वर करणं मात्र बंद झालं. कुणी काही सांगू लागलं तर ऐकून घ्यायचे. मला ते बघवत नसे.

एका दुपारी मी मागच्या बाजूनं गाडीकडं जात होते, तर जांभळाखाली पायरीवर सर आणि दोन पायऱ्या सोडून खाकी गणवेशातली सुजाता. कागल-कोल्हापूर फेरी संपवून, मधल्या सुट्टीत आलेली. दोघं बोलत नव्हते. नुसते जेवत होते. तिच्या डब्याच्या झाकणात चटणी होती, ती तिनं पुढं केली.

"लसूण?" सरांनी विचारलं.

"न्हाय घातला. तुमच्यासाठीच केली."

त्यानंतर ती फेरी जुळेल तशी येत राहिली. एकदा बसस्टँडवर मला ती एकटी भेटली, तेव्हा मी न राहवून विचारलं, "सुजाताताई, तुम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसता. राग येत नाही?"

"येतोय की. लई येतोय." तिचा आवाज पूर्वीसारखाच चढा होता. आजूबाजूचे प्रवासी वळून बघू लागले, तिला त्याचं काही नव्हतं. "पर समदी म्हनत्यात, तुजा कायबी संबंद न्हाय. मला ते खरं वाटतंच न्हाय. रक्त माजं, आनि संबंद कसा न्हाय? ह्येंनी सांगितलं, तुमचंबी हाय आनि माजंबी हाय. तेवढंच मला खरं वाटलं बगा. समदं माज्या एकटीवर हुतं तवा उचलतच नव्हतं. निम्मं त्येंनी घेतलं. निम्मं उचलाय येतंय मला. पोरगीला घेतो आता जवळ."

तिची गाडी लागली. ती दारात उभी राहून "चला कागल, कागल" ओरडू लागली आणि मी तिथंच खांबाला टेकून उभी राहिले. सरांवरचा माझा राग त्या दिवशी गेला. त्यांना तसं सांगायचं मात्र राहून गेलं.

गेल्या उन्हाळ्यात सर सकाळी कसबा बावड्यातल्या घरातून दुधाला बाहेर पडले. डेअरीच्या कट्ट्यावर छातीला हात लावून बसले. मी पोहोचले तोवर सगळं संपलं होतं. हृदयविकार, आधी कसली कुरकूर नाही. तुकडा काढून बघण्यासारखं काही मागं ठेवलं नाही त्यांनी.

दुपारपर्यंत घर भरून गेलं. शिरोळची भावकी आली, डॉक्टर आले, ते सर्जनसाहेबही आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. लिफ्टवाला हुंदके देत होता. अंत्यसंस्कार उरकून माणसं परत आली तरी बायका अंगणात बसून होत्या.

सुजाता अर्धी ड्युटी टाकून आली होती. अंगात खाकी, खांद्याला तिकिटाची बॅग तशीच. आत गेली नाही. ह्या घरात तिला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि कोण म्हणून सांगायचं तेही तिला कळत नसावं. ती फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली. मी जाऊन तिच्याशेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत नव्हती.

तिनं खांद्यावरची बॅग काढून मांडीवर घेतली. मग नेहमीच्या चढ्या आवाजात, अंगणातल्या बायका वळून बघतील इतक्या मोठ्यानं म्हणाली, "आता त्येंचं निम्मंबी माज्याकडंच आलं की ओ, डॉक्टर."